प्रादेशिक भूल

'प्रादेशिक' हा शब्द आम्ही गेली वीस वर्षे वर्गात वापरत आलो आहोत. प्रादेशिक कादंबरी हा घटक शिकवायला घेतला की पहिल्याच तासाला सांगावे लागते, की प्रदेश म्हणजे नकाशावरच्या रेघांनी वेढलेला तुकडा नव्हे. 'गारंबीचा बापू'मधले (१९५२) कोकण किंवा 'बनगरवाडी'तला (१९५५) माणदेश हा माती, पाऊसपाणी, बोली आणि माणसांचे परस्परसंबंध यांतून घडत गेलेला असतो; त्याच्या कडा पुसट असतात आणि एका टोकाला काही हलले तर दुसऱ्या टोकापर्यंत जाणवते. विद्यार्थी हे उत्तरपत्रिकेत इमानाने उतरवतात. गेल्या पावसाळ्यात हाच शब्द मिरजेतल्या एका रुग्णालयाच्या छापील संमतीपत्रावर आमच्यासमोर आला. 'मला प्रादेशिक भूल देण्यास माझी संमती आहे', असे तेथे म्हटले होते आणि खाली सहीसाठी रेघ होती. सही करायची होती आमच्यापैकी एकाच्या थोरल्या बहिणीला.

आम्ही दोघे पतिपत्नी दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत मराठी शिकवतो. वैद्यकाशी आमचा संबंध रुग्णाचे नातेवाईक एवढाच. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ते कोणी वैद्यकीय सल्ला म्हणून घेऊ नये. एक संमतीपत्र नीट वाचायचे ठरवल्यावर जे शिकावे लागले, त्याची ही नोंद आहे.

ताईंचे वय ५३. प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेच्या ओल्या पायरीवरून पाय घसरला, उजव्या हातावर भार आला, आणि खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी वरच्या स्नायूची कंडरा फाटली. हात खांद्याच्या वर जाईना. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईचा उजवा हात वर जात नाही, याचा अर्थ या निबंधाच्या वाचकांना वेगळा सांगायला नको. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करून कंडरा पुन्हा हाडाला टाचायची, असे अस्थिशल्यविशारदांनी ठरवले. एवढ्यावर भागले असते. परंतु ताईंना चौदा वर्षांपूर्वीचा एक आजार होता.

वयाच्या ३९व्या वर्षी त्यांचे डोके सतत दुखू लागले होते. वाकले की क्षणभर डोळ्यांपुढे काळोखी येई आणि रात्री उशीवर कान टेकला की नाडीचा ठोका ऐकू येई. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यांत पाहिले तेव्हा दृष्टीची नस जिथे डोळ्यात शिरते तिथे दोन्ही बाजूंना सूज होती. मेंदूत गाठ असावी म्हणून एमआरआय झाला, गाठ नव्हती. कण्यातून पाणी काढताना दाब मोजला तो ३४ सेंटिमीटर निघाला. मोठ्या माणसात तो २५च्या आत असावा लागतो. कवटीतला दाब वाढलेला, आणि तो का वाढला हे मात्र कशातच दिसत नाही, असा हा आजार. माक्स नोने या जर्मन वैद्याने १९०४ साली याला 'खोटी गाठ' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे त्याची जागा ज्या नावाने घेतली त्याचा मराठी अनुवाद 'अज्ञातहेतुक' असा होतो. कारण ठाऊक नसल्याची ही कबुली ग्रीक भाषेत दिली की भारदस्त वाटते. (आमच्या समीक्षेतही अशा संज्ञा आहेत. असो.) औषधे घेऊन, वजन उतरवून आणि पुष्कळ चिकाटीने ताईंनी तो आजार आटोक्यात ठेवला होता. मात्र डाव्या डोळ्याच्या कडेची दृष्टी गेली ती गेलीच. या आजाराची खरी भीती डोकेदुखीची नसते, ती दृष्टीची असते. नसेवर दाब राहिला तर ती हळूहळू वाळते आणि मग पूर्ववत होत नाही.

आता खांद्याच्या भुलीचा आणि कवटीतल्या दाबाचा संबंध काय, असे कोणीही विचारील. आम्हीही विचारले.

खांद्याची शस्त्रक्रिया नंतर फार दुखते. पहिले चोवीस तास तर रुग्णाला रात्र सरता सरत नाही. म्हणून मानेच्या बाजूला, दोन स्नायूंच्या फटीतून खांद्याकडे आणि हाताकडे जाणारा नसांचा जो जुडगा असतो, त्याच्याभोवती बधिर करणारे औषध सोडतात. अमेरिकन भूलतज्ज्ञ ॲलन विनी यांनी १९७० साली ही रीत नीट मांडून दाखवली आणि तेव्हापासून खांद्याच्या शस्त्रक्रियेत ती प्रमाण मानली गेली. मूळ कल्पना त्याहून जुनी आहे. कोकेनने डोळा बधिर होतो हे व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी १८८४ साली दाखवले, आणि पाठोपाठ न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड यांनी तेच कोकेन नसांभोवती टोचून पाहिले. स्वतःवर प्रयोग करता करता हॉल्स्टेड यांना त्याचे व्यसन जडले. आज वापरतात ती औषधे निराळी आहेत आणि सुई कोठे आहे हे सोनोग्राफीच्या पडद्यावर दिसते. ज्यांना डॉक्टर मंडळी नुसते 'ब्लॉक' म्हणतात ते हेच. आमच्या भागात रुग्ण 'मानेतलं इंजेक्शन' म्हणतात. संमतीपत्र तेवढे 'प्रादेशिक भूल' म्हणते.

भूल या शब्दाविषयी येथे थोडे सांगावेसे वाटते. चूक म्हणजे भूल, मोहिनी म्हणजे भूल, रानात वाट विसरायला लावते ती रानभूल. वैद्यकाने हा शब्द उचलला तेव्हा त्यातली विस्मृती घेतली आणि चूक बाहेर ठेवली. 'बधिर'चेही तसेच. संस्कृतात बधिर म्हणजे ज्याला ऐकू येत नाही तो, त्यापासून आपला 'बहिरा' आला. मराठीत मात्र बधिर बोट म्हणजे ज्याला कळत नाही असे बोट. नसेचे बधिर होणे म्हणजे तिने वरचा निरोप न ऐकणे, असे धरले तर मूळ अर्थही फार दूर राहत नाही. अडचण एवढीच, की औषध पसरते तेव्हा ज्या नसेने बहिरे व्हावे असे आपल्याला वाटते तेवढीच बहिरी होत नाही.

भूलतज्ज्ञ बाई आमच्याच वयाच्या होत्या. त्यांनी संमतीपत्र उलटे करून पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर मान काढली. "हे बघा सर, खांद्याची नस आणि श्वासाची नस मानेत शेजारणी आहेत. एकीच्या अंगणात पाणी सोडलं की दुसरीच्या ओसरीवर ते जाणारच." श्वासाची नस म्हणजे श्वासपटलाला हलवणारी नस. ती मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मुळांतून निघते; खांद्या-हाताचा जुडगा पाचव्यापासून सुरू होतो. दोहोंत काही ठिकाणी अंतर अवघे काही मिलिमीटर. १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांनी हा ब्लॉक दिलेल्या रुग्णांचे श्वासपटल सोनोग्राफीवर पाहिले, तेव्हा त्या बाजूचा अर्धा पडदा प्रत्येकाचा लुळा पडलेला दिसला. शंभरात शंभर. पूर्ण मात्रेत दिलेल्या ब्लॉकनंतर छातीत भरून घेता येणाऱ्या हवेत सुमारे पाव हिस्सा घट होते. पुढे २००८ साली टोरांटोत औषध २० मिलिलिटरवरून ५ मिलिलिटरवर आणून पाहिले. पडदा लुळा पडण्याचे प्रमाण ४५ टक्क्यांवर आले. कमी झाले खरे, नाहीसे झाले नाही.

औषध आणखीही फिरते. आवाजाच्या नसेपर्यंत गेले तर आवाज घोगरा होतो. मानेतल्या स्वायत्त मज्जातंतूंच्या गाठीपर्यंत गेले तर त्या बाजूची पापणी खाली येते आणि बाहुली बारीक होते. योहान फ्रीडरिश हॉर्नर या स्विस नेत्रवैद्याने १८६९ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले आणि त्याचे नाव त्याला चिकटले. औषध उतरले की हे सगळे बहुधा पूर्ववत होते. म्हणजे 'प्रदेश' खांद्याचा, पण तोंडातला आवाज, डोळ्याची पापणी आणि छातीतला अर्धा श्वास त्याच प्रदेशाचे रहिवासी निघाले.

येथून वर कवटीकडे वाट जाते, आणि ती श्वासातून जाते. अर्धा पडदा थांबला, त्यात गुंगीचे औषध दिलेले असले, माणूस मुळात स्थूल असला, तर श्वास उथळ होतो. उथळ श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो. मेंदूच्या रक्तवाहिन्या या वायूला फार संवेदनशील असतात. तो वाढला की त्या रुंदावतात. रक्तातल्या त्याच्या दाबात पाऱ्याच्या एका मिलिमीटरने वाढ झाली तर मेंदूतला रक्तप्रवाह साधारण ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. प्रवाह वाढला म्हणजे कवटीत रक्त अधिक साठले. आणि कवटी हाडाची, ती ताणत नाही.

हा शेवटचा मुद्दा जुना आहे. एडिंबरोचे शरीरशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर मन्रो यांनी तो १७८३ साली मांडला आणि त्यांचे शिष्य जॉर्ज केली यांनी १८२४ साली, थंडीवादळात उघड्यावर दगावलेल्या माणसांची शवे तपासून, त्याला दुजोरा दिला. बंद पेटीत मेंदू, रक्त आणि पाणी असे तीन भाडेकरू. एकाने जागा अधिक घेतली तर दुसऱ्याने ती सोडली पाहिजे. निरोगी माणसात पाणी थोडेसे कण्याकडे सरकते, नसांतले रक्त खाली उतरते आणि दाब जवळजवळ तेवढाच राहतो. ही सोय संपली की मात्र चित्र बदलते. मग चमचाभर वाढही दाब झपाट्याने चढवते. भूलतज्ज्ञ बाईंनी याची रेघ काढून दाखवली: पुष्कळ अंतर सपाट चालणारी आणि मग एकाएकी उभी चढणारी. "निरोगी माणूस या सपाटीवर असतो. तुमच्या ताई कुठे आहेत, ते मला बाहेरून दिसत नाही," असे त्या म्हणाल्या आणि पेन जिथे रेघ वळते तिथे टेकवून ठेवले.

शंका घेण्याला आणखीही एक जागा आहे. डोक्यातले रक्त ज्या मोठ्या शिरेतून खाली उतरते ती मानेत याच परिसरातून जाते. शेजारी औषधाचे तळे झाले तर तिच्यावर थोडा भार येऊ शकतो. शिवाय स्वायत्त गाठ बधिर झाली तर त्या बाजूच्या रक्तप्रवाहावरही परिणाम संभवतो. हे सगळे खरे किती, हे कवटीला भोक न पाडता पाहण्याची एक युक्ती भूलतज्ज्ञ हल्ली वापरतात. दृष्टीच्या नसेभोवतीचे आवरण हे मेंदूच्याच आवरणाचा पुढे आलेला भाग आहे आणि त्यात मेंदूभोवतीचेच पाणी असते. कवटीत दाब वाढला की ते आवरण फुगते. मिटल्या पापणीवर सोनोग्राफीची कांडी टेकवून, बुबुळाच्या गोलामागे ३ मिलिमीटरवर त्याचा व्यास मोजतात; तो ५ ते ६ मिलिमीटरच्या पलीकडे गेला की शंका घेतात. मानेतल्या ब्लॉकनंतर अशी मोजमापे घेऊन पाहण्यात आली आहेत. शंका अगदी निराधार नाही असे त्यांवरून सूचित होते. पण मापन अप्रत्यक्ष आहे, फरक मिलिमीटरच्या दशांशांचे आहेत, आणि ज्यांच्या डोक्यात मुळात काही बिघाड नाही अशा लोकांना त्याची बाधा झाल्याचे दिसत नाही.

म्हणजे ही एक साखळी आहे. औषध, पडदा, श्वास, वायू, रक्तवाहिनी, दाब, दृष्टीची नस. पहिली कडी जवळजवळ निश्चित. दुसरीनंतर निरोगी माणसात साखळी बहुधा तुटतेच, कारण उरलेला अर्धा पडदा आणि बरगड्यांमधले स्नायू काम सांभाळून घेतात. रोज हजारो लोक हा ब्लॉक घेऊन सुखरूप घरी जातात. ताईंच्या बाबतीत मात्र मधल्या कड्या बळकट होत्या: वजन थोडे अधिक, कवटीतली सोय बहुधा वापरून संपलेली, एका डोळ्याचे नुकसान आधीच झालेले. आम्हाला भय वाटले ते या कड्यांचे. कार्यकारणभाव म्हणून वर्गात आम्ही कथानकाची जी चर्चा करतो, ती येथे आमच्याच माणसाच्या मानेपासून डोळ्यापर्यंत जात होती.

सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट बाहुलीची होती. कवटीतला दाब धोक्याइतका वाढला, तर एका बाजूची बाहुली रुंदावणे हे त्याचे एक चिन्ह मानतात. आता ब्लॉकमुळे उजवी बाहुली बारीक झाली तर डावी आपोआप मोठी दिसणार. डाव्या डोळ्यात टॉर्च मारून पाहणाऱ्या निवासी डॉक्टरला रात्री दोन वाजता जे दिसेल ते एकच असेल, आणि त्याचे अर्थ दोन असतील: एक निरुपद्रवी, दुसरा प्राणघातक. प्रकाश पडल्यावर बाहुली आकसते का, पापणी कोणती खाली आलेली आहे, माणूस शुद्धीत बोलतो का, यांवरून जाणकाराला भेद करता येतो. पण जाणकार हजर हवा. संदिग्धता ही काव्यात गुण मानण्याची आमची सवय. या प्रकरणात ती नको होती.

मग हा ब्लॉक टाळावा आणि पूर्ण भूल द्यावी, हे उत्तर आम्हाला सोपे वाटले. ते तितके सोपे नव्हते. नळी घालताना आणि काढताना रुग्ण खोकला तर कवटीतला दाब क्षणभर उसळतो. शस्त्रक्रियेनंतर वेदना असह्य झाल्या तर रक्तदाब चढतो. वेदनांवर अफूच्या जातीची औषधे दिली तर श्वास मंदावतो, आणि आपण पुन्हा त्याच कार्बन डायऑक्साइडपाशी येतो. शिवाय खांद्याची दुर्बिणीची शस्त्रक्रिया पुष्कळदा रुग्णाला आरामखुर्चीत रेलून बसवल्यासारखे ठेवून करतात. डोके वर असल्याने कवटीतला दाब उतरतो हे चांगले, पण मेंदूला पोचणाऱ्या रक्ताचा दाबही उतरतो. दंडावर मोजलेला रक्तदाब कानाच्या पातळीवर तेवढा नसतो. उंचीच्या दर सेंटिमीटरला पाऱ्याचा सुमारे पाऊण मिलिमीटर वजा करावा लागतो. २००५ साली अमेरिकेत या बैठ्या स्थितीतल्या शस्त्रक्रियांनंतर मेंदूला इजा झालेल्या चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध झाली, त्यानंतर या वजाबाकीकडे लक्ष गेले. २०१०च्या एका अभ्यासात तर बसलेल्या स्थितीतल्या दहांपैकी आठ रुग्णांत मेंदूतल्या प्राणवायूची पातळी केव्हा ना केव्हा घसरलेली आढळली. कुशीवर झोपवलेल्यांत एकाचीही नाही. थोडक्यात, खांद्यापाशी जाणाऱ्या कोणत्याही वाटेवर डोके लागतेच.

हे सारे कळल्यावर आम्ही ते संमतीपत्र पुन्हा वाचले. मराठीच्या माणसाने ते वाचू नये असेच ते होते. इंग्रजीवरून शब्दशः उतरवलेले, 'प्रक्रियेदरम्यान उद्भवणाऱ्या गुंतागुंतींसाठी' वगैरे. तरी भाषेच्या ओबडधोबडपणाविषयी आमची तक्रार नाही. ओबडधोबड मराठी आम्ही दर उन्हाळ्यात गठ्ठ्यांनी तपासतो. तक्रार क्रियापदाविषयी आहे. पत्रात धोक्यांची यादी होती. श्वासास त्रास होऊ शकतो. आवाज बसू शकतो. पापणी खाली येऊ शकते. नसेला कायमची इजा होऊ शकते. फिट येऊ शकते. पाच वाक्ये आणि पाचही ठिकाणी 'शकते'. यांपैकी श्वासाच्या पडद्याची गोष्ट पूर्ण मात्रेत जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत घडते. पापणी पुष्कळांची उतरते. कायमची इजा आणि फिट फार विरळ. शंभरातल्या शंभरांना घडणारी गोष्ट आणि हजारो लोकांत एखाद्याला घडणारी गोष्ट एकाच क्रियापदाने, एकाच टंकात, एकाखाली एक. 'शकणे' हे मराठीत सामर्थ्य सांगते आणि शक्यताही सांगते. शक्यता किती, हे ते कधीच सांगत नाही. ते काम 'बहुधा', 'क्वचित', 'हमखास' या अव्ययांचे, आणि ती पत्रात कोठेच नव्हती. असे पत्र वाचून माणूस एकतर पाचही गोष्टींना भितो, नाहीतर एकीलाही भीत नाही. ताईंनी दुसरा मार्ग पत्करला होता. "सगळंच होऊ शकतं म्हणजे काहीच होत नसतं रे," असे म्हणून त्यांनी पेन मागितले होते.

आणि सहावे वाक्य यादीत नव्हतेच. कवटीतल्या दाबाचा उल्लेख नव्हता. शंभर रुग्णांसाठी छापलेल्या कागदावर तो नसणे समजण्यासारखे आहे, कारण त्यातल्या नव्याण्णवांना त्याचा उपयोग नाही. ज्या एकीला होता तिच्यापर्यंत तो पोचला, तो केवळ भूलतज्ज्ञ बाईंनी आदल्या दिवशी जुनी फाइल पानन् पान चाळली म्हणून. त्यांनी शस्त्रक्रिया आठ दिवस पुढे ढकलली. नेत्रतज्ज्ञांकडून डोळे तपासून घेतले. नसेवर नवी सूज नव्हती. मेंदूविकारतज्ज्ञांचे मत घेतले. मग आम्हाला तिघांना बसवून काय करणार ते सांगितले, आणि ताईंकडे पाहून सांगितले, आमच्याकडे नव्हे. मानेतला ब्लॉक नाही. पूर्ण भूल, नळी आणि यंत्राचा श्वास, म्हणजे वायूचा आकडा सतत पडद्यावर राहील आणि तो त्यांच्या हातात राहील. रक्तदाब मनगटातल्या धमनीतून, कानाच्या पातळीला शून्य धरून. दुखण्यासाठी खांद्याच्या पाठीमागून, फऱ्याच्या हाडाच्या खाचेपाशी, थोडेसे औषध. तिथून जाणारी नस खांद्याच्या सांध्याच्या संवेदनेचा मोठा वाटा उचलते आणि श्वासाच्या नसेपासून दूर आहे. "याने मानेतल्या ब्लॉकइतकं दुखणं थांबणार नाही. पहिली रात्र तुम्हाला थोडी सोसावी लागेल, आणि ती का सोसायची ते तुम्हाला माहीत असावं." ताई म्हणाल्या, "डोळा राहू दे. खांदा बोंबलू दे."

पहिली रात्र खांदा बोंबललाच. पॅरासिटामॉल, बर्फ आणि उशांची रचना यांवर ती निभावली. आम्ही आळीपाळीने शेजारी बसलो. मध्यरात्री भूलतज्ज्ञ बाई स्वतः येऊन पापण्यांवर कांडी टेकवून गेल्या. शस्त्रक्रियेपूर्वी ५.१ असलेला व्यास ५.२ आला. आम्ही तो आकडा ऐकून ताठ झालो, तेव्हा त्या म्हणाल्या की एवढा फरक त्यांचा हात थोडा तिरका धरण्यानेही पडतो. सहा आठवड्यांनी नेत्रतज्ज्ञांनी पुन्हा पाहिले. काही बदल नव्हता. मानेतला ब्लॉक दिला असता तर काय झाले असते, हे यावरून सिद्ध होत नाही. बहुधा काहीच झाले नसते, असे भूलतज्ज्ञ बाईंचेही मत आहे. तरीही पुन्हा अशीच रुग्ण आली तर त्या हेच करतील, असे त्यांनी लगेच जोडले. या दोन विधानांत विसंगती नाही, हे समजायला आम्हाला जरा वेळ लागला. परिणामाची शक्यता अल्प आहे, पण गमावण्याची वस्तू दृष्टी आहे आणि दुसरी बरी वाट उपलब्ध आहे. अशा वेळी अल्प शक्यतेलाही किंमत येते.

टाके काढायला गेलो तेव्हा त्यांनी संमतीपत्राची कोरी प्रत आमच्या हाती दिली. "तुम्ही मराठीचे प्राध्यापक ना? एवढं नीट करून द्या." दिवाळीच्या सुटीत आम्ही ते काम केले. 'प्रादेशिक भूल' काढून 'मानेत इंजेक्शन देऊन खांदा व हात बधिर करणे' असे लिहिले; लांब झाले, पण कोठे सुई टोचणार ते कळते. 'प्रक्रियेदरम्यान' गेले. धोक्यांचे चार गट पाडले: जवळजवळ सर्वांना होते, पुष्कळांना होते, काहींना होते, फार क्वचित होते. प्रत्येक गटाचे क्रियापद 'होते' असेच ठेवले, 'होऊ शकते' कोठेही ठेवले नाही. यावर रुग्णालयाच्या कायदेशीर सल्लागारांनी हरकत घेतली. 'होते' म्हटले तर झालेच पाहिजे असा अर्थ निघतो, असे त्यांचे म्हणणे. दोन बैठकांनंतर 'होते' टिकले, पण गटांच्या शीर्षकांपुढे 'अनुभवानुसार' हा शब्द आला. त्याला आमचा विरोध नव्हता.

कवटीतल्या दाबाचे वाक्य आम्ही 'फार क्वचित' या गटात घातले होते. भूलतज्ज्ञ बाईंनी त्यावर काट मारली. सर्वांच्या यादीत ते घातले तर नव्याण्णव जणांना विनाकारण घोर लागेल, आणि शंभरावीला 'क्वचित' हे खोटे सांगितल्यासारखे होईल. यादीत तिची जागाच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्याऐवजी यादीखाली 'या रुग्णाच्या बाबतीत विशेष' असे शीर्षक छापून पुढे कोऱ्या रेघा ठेवायच्या, आणि त्या भूल देणाऱ्याने फाइल वाचून स्वतःच्या हाताने, रुग्णाच्या भाषेत भरायच्या. रेघा किती, यावर मतभेद झाले. कार्यालयाला एकच हवी होती, कारण पत्र एका पानात बसवायचे होते. आम्ही नमुना म्हणून ताईंचा आजार, तो केव्हापासून, आणि त्यापायी मानेतले इंजेक्शन का टाळले, एवढे साध्या मराठीत लिहून पाहिले. अडीच ओळी लागल्या. तेव्हा तीन रेघा ठरल्या.